खालच्या तीन तारा

गिटारच्या तारेचं पाकीट हातात घेतलं की काका ते आधी कानाशी धरायचे. बंद पाकीट, आत वेटोळं करून ठेवलेली तार; त्यातून काय ऐकू येणार? पण डोळे बारीक करून ते क्षणभर ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "बघूया, ही काय बोलते ती."

दोन-चार दिवसांनी परत दारात हजर. चपला बाहेर काढून आत यायचे. दुकानात चपला काढायची गरज नाही हे सांगून सांगून मी थकले होते. आत आले की जाहीर करायचे, "तसा नाय वाजत गो बाय."

आमचं दुकान रत्नागिरीच्या बाजारातल्या एका गल्लीत आहे. खरा धंदा ढोलकी, पखवाज, झांजा आणि पेटीच्या दुरुस्तीचा. गिटार अलीकडची. तिच्या तारा घ्यायला कॉलेजची मुलं येतात, मोबाइलवर चार व्हिडिओ बघून आलेली असतात आणि मलाच अक्कल शिकवतात. अशात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन लावलेला, सत्तरीचा गृहस्थ येऊन गिटारच्या तारा मागतो म्हटल्यावर तुम्हीही हातातलं काम सोडून वर बघितलं असतंत.

"कुणासाठी काका? नातवाला?"

"बायकोला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "ती गेली गेल्या वर्षी. गिटार हाय घरात."

बायको शाळेत शिक्षिका होती. लग्नाआधी देवरूखला नोकरी करताना तिथल्या एका मैत्रिणीकडून गिटार शिकली आणि पुढे संसारातही तिने ती सोडली नाही. यांना वाजवता येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. "गाणीबिणी नकोत मला," ते म्हणाले. "वाजवायला बसली की आधी सगळ्या तारांवरून अंगठा फिरवायची. तेवढाच तसा वाजला पायजे. बास."

"कुठल्या तारा देऊ?"

"खालच्या तीन. वरच्या तीन चांगल्या हायत."

इथून माझा गोंधळ सुरू झाला. गिटार धरली की बारीक तारा खाली येतात. त्यातली सगळ्यात बारीक तुटते, ती एकटी घ्यायला लोक येतात. तिन्ही एकदम कुणाच्या तुटतात? मी बारीक दिल्या, त्याहून जाड दिल्या, मुलामा दिलेल्या महागड्या दिल्या. ते घरी जाऊन चढवायचे, मोबाइलवर सूर जुळल्याचा हिरवा दिवा लागेस्तोवर खुंट्या पिळायचे आणि परत यायचे. तसा नाय वाजत.

"मग कसा वाजतो?"

"भांडल्यासारखा."

"आणि हवा कसा?"

"वर्गात पोरांना गप्प करायची ना ती, आवाज न चढवता. तसा."

आता या वर्णनाची तार कुठल्या कंपनीची असते, सांगा तुम्हीच. माझा नवरा म्हणायचा, गिऱ्हाईक तारा नेतंय, तुझं काय जातंय? पण मी पडले हट्टी. गिटार घेऊन या, म्हणून त्यांच्या मागे लागले. तर कधी रिक्षात धक्के बसतात, कधी पिशवीची चेन अडकते, कधी गुडघा. शेवटी मला शंका यायला लागली की घरात गिटार तरी आहे की नाही. शेजारच्या टेलरला तर ते सरळ डोक्याने सरकलेले वाटत होते.

एका रविवारी मासे घ्यायला बाहेर पडले ती तशीच मांडवीला त्यांच्या घरी गेले. न बोलावता. दार उघडून ते इतके गडबडले की मला बसा म्हणायचंही विसरले. समोर फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाईंचा फोटो. आतल्या पलंगावर चादरीखाली गिटारीचा आकार दिसत होता. म्हणजे होती. ते तिच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले.

"ऱ्हावदे गो. चाय घे आधी."

मी चादर काढली. रुंद मान, वरच्या टोकाला दोन खाचा. तारा जिथे बांधतात ती खालची पट्टी एका बाजूने उचलायला लागली होती. ही गिटार पोलादी तारांची नव्हतीच. तिला तो ताण सोसत नाही. मी विचारलं, "काका, आधी खालच्या तीन कसल्या होत्या?"

"तंगूस," ते हळूच म्हणाले.

तंगूस म्हणजे गळाला लावतात ती नायलॉनची दोरी. काकांना जेटीवर बसून मासे गरवायचा नाद. एकदा कधीतरी त्यांना गिटारीवर ती पारदर्शक दोरी चमकताना दिसली आणि ते ओरडले, "माझी तंगूस लावलीस काय हिला?" बाई हसून म्हणाल्या, "हो, लावली." तेव्हापासून स्वतःसाठी तंगूस आणली की एक रीळ ते गिटारीपाशी ठेवायचे.

"मग त्या घ्यायच्या?"

"घ्यायची ना. बरा झाला, संपलीच होती, बोलायची."

पण बाई गेल्यावर त्यांना ते टोचायला लागलं. "जन्मभर गरीच्या दोरीवर वाजवलान बिचारीनं. मला एकदा खरी तार आणून देता आली नाय." म्हणून त्यांनी त्या तिन्ही काढून टाकल्या आणि माझ्या दुकानाची वाट धरली. आपल्या बायकोने कशावर वाजवलं हे बाजारात दिसायला नको, म्हणून गिटार आणत नव्हते. एवढंच.

मला हसावं की रडावं कळेना. "काका, ती तंगूस नव्हती हो. या गिटारीला खालच्या तीन नायलॉनच्याच लागतात. दुकानात मिळतात. बाईंनी बरोबर तारा लावल्या होत्या."

ते म्हणाले, "मग ती हो कशाला बोलली?"

मी कोल्हापूरहून नायलॉनच्या तारा मागवल्या, त्यांच्या घरीच पट्टी चिकटवून घेतली आणि स्वतः जाऊन तारा चढवल्या. नवीन नायलॉन काही दिवस सारखं उतरतं, म्हणून रोज पिळायला सांगितलं. तारा बसल्यावर परत गेले आणि सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

"हां," ते म्हणाले आणि पलंगावर बसले. "हाच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, त्यात लपवायचं काय? पण मी डोळे पुसते न पुसते तोवर त्यांचं सुरू, "पण बाय, ती हो कशाला बोलली? आणि माझ्या रिळांचा काय केलान?"

त्यानंतर तारा नको असतानाही ते दुकानात यायचे. चपला बाहेर काढून स्टुलावर बसायचे आणि दर वेळी नवीन उत्तर घेऊन यायचे. "माझी मस्करी केलान." पुढच्या खेपेला, "शिक्षिका ती. दिवसभर पोरांना समजावून दमायची. मला कोण समजावतो, म्हणून हो बोलली असेल." आणि एकदा, बऱ्याच वेळाने, "मी काय तरी आणून ठेवतो, तां तिला आवडत असेल." मी प्रत्येक उत्तराला होकार देत गेले. मला तरी कुठे माहीत होतं? अजून माहीत नाही.

या पावसाळ्यानंतर ते यायचे थांबले. मग एक दिवस त्यांची मुंबईची मुलगी दुकानात आली, खांद्याला गिटार. बाबा गेले म्हणाली. शांतपणे, झोपेत. गिटार ती घेऊन जाणार होती. "यातली एक तार जरा वेगळी दिसते. बदलून द्याल का?"

ती गिटार पहिल्यांदाच माझ्या दुकानात आली होती. मी पिशवीतून काढली. खालच्या तिन्हींतली तिसरी तार हिरवट होती. खाली पट्टीपाशी तिला गाठ मारली होती ती गिटारीची नव्हती, गळ बांधतात तशी, घट्ट, दुहेरी. त्यांची तार तुटली असणार. माझं दुकान होतं, मी होते, कपाटात त्यांच्यासाठी आणून ठेवलेली पाकिटं होती. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

सवयीने मी नवीन पाकीट फोडायला घेतलं, मग थांबले. कान जवळ नेला आणि अंगठा फिरवला.

तसाच वाजला.

"कसली तार आहे ही?" मुलीने विचारलं.

"तुझ्या बाबांनी तुझ्या आईला दिलेली," मी म्हटलं, आणि पाकीट परत कपाटात ठेवलं.