माउसला शुद्ध मराठी लागते का?

जाब विचारायला फोन केला, तर वर कॉम्प्युटर क्लासचे सर मलाच म्हणतात, "तू सातवी नापास, तू मला शिकवतोस काय?"

शिकवतोच आज. सगळ्या गावाने वाचा.

माझी बहीण सोनू गावात या सरांच्या कॉम्प्युटर क्लासला जाते. आज ती बोलली, "सर, मले जमते." सर म्हणाले, "आधी शुद्ध बोलायला शीक, मग माउसला हात लाव." सगळा क्लास हसला. पोरगी रडत मला फोनवर म्हणते, "दादा, मी नाई जात आता."

मी इथे मुंबईजवळ जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हरला ओरडून दिशा सांगतो. बिहारी असो की तमिळ, माझ्या वऱ्हाडी हिंदीवर कंटेनर बरोबर जागेवर लागतो. शुद्ध बोल असं अजून एकानेही म्हटलं नाही. मग भाषा येणं म्हणजे नक्की काय, सांगा ना मित्रांनो?

सर, सोनू आता घरीच शिकेल. तिने टाईप केलेला पहिला अर्ज तुमच्याविरुद्धच्या तक्रारीचा असेल, ग्रामपंचायतीत, आपल्याच बोलीत. वाचून दाखवायला मी स्वतः येईन.

सोनू, रडू नको. तालुक्याच्या दुकानात तू बघून ठेवलेला तो जुना लॅपटॉप उद्याच उचल. मोटरसायकलसाठी साठवलेले सगळे पैसे पाठवतोय, साडेचौदा हजार.