गारांचा उतार

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी दुबई मरीनातल्या आमच्या बाल्कनीत बसून कॉकेशसच्या डोंगरांतल्या बर्फाचा अंदाज वाचायचे. खाली बोटी, जॉगिंग करणारी माणसं, हातात कॉफी, अंगात बिनबाह्यांचा कुर्ता; आणि मोबाईलवर लिहिलेलं असायचं, उत्तरेकडच्या उतारांवर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ, धोका पाचपैकी तीन. ऑफिसला जाण्याआधी मला तो आकडा कळलाच पाहिजे, असं मला वाटायला लागलं होतं. आमची मुलगी, वय वर्षं पंधरा, शाळेची बॅग भरताना म्हणायची, "मॉम, यू आर ऑब्सेस्ड." खोटं नव्हतं ते.

हे वेड मला बेचाळिसाव्या वर्षी लागलं. माझा जन्म महाडचा. बर्फ म्हणजे माझ्या लेखी गोळेवाल्याच्या गाडीवर किसतात तो. दुबईत आल्यावर बारा-तेरा वर्षं मॉलमधला स्कीइंगचा तो थंडगार, कृत्रिम बर्फाचा उतार मी काचेबाहेरूनच बघितला होता, तोही पाहुणे आले की त्यांना दाखवायला. मग ऑफिसात एक लेबनीज बाई रुजू झाली. तिचं टेबल माझ्या शेजारी. ती बैरूतच्या मागच्या डोंगरातली, चालायला लागली त्याच वर्षी तिला स्कीवर उभं केलेलं. एका गुरुवारी तिने मला काम संपल्यावर मॉलमध्ये ओढून नेलं. मी त्या संध्याकाळी इतक्या वेळा पडले की घरी आल्यावर मला खुर्चीत बसवेना. नवऱ्याने शेक द्यायला पिशवी गरम केली आणि विचारलं, पुन्हा नाही ना जाणार? मी म्हटलं, शनिवारी सकाळचा स्लॉट घेतलाय.

तीन वर्षांत मला बऱ्यापैकी वळता यायला लागलं. मैत्रीण म्हणाली, आता खऱ्या डोंगरात चल. तेही डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या बाजूच्या, बर्फ दाबून ठेवलेल्या पट्ट्यावर नव्हे, तर लिफ्ट सोडून, मागे घसरू नये म्हणून स्कीखाली कापडी पट्टे चिकटवून, आपल्या पायांनी चढून जायचं आणि कुणी न तुडवलेल्या बर्फावरून उतरायचं. फेब्रुवारीत कॉकेशसमधल्या जॉर्जियाला जायचं ठरलं. मी आईला फोनवर सांगितलं. हिमस्खलन म्हणजे काय, हे मी समजावत असताना तिने मध्येच विचारलं, "म्हणजे बर्फाची दरड?"

मी हो म्हटलं. महाडच्या माणसाला दरड समजावून सांगावी लागत नाही. आई म्हणाली, "ज्याला त्यातलं कळतं त्याच्याच बरोबर जा."

ते मी पाळणार होतेच, कारण माझ्या मैत्रिणीने मला न शिकवता नेलंच नसतं. ती अकरा वर्षांची असताना तिच्या काकांच्या पायाखालचा उतार सुटला होता आणि ते कमरेपर्यंत गाडले गेले होते. सगळ्यांनी मिळून त्यांना बाहेर काढलं, काकांना काही झालं नाही, पण तिच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. ती सांगायची, बर्फ मऊ असतो ही समजूत काढून टाक. तो धावतो तोपर्यंत पाण्यासारखा असतो, आणि थांबला की सिमेंट. माणूस स्वतःहून त्यातून निघू शकत नाही. त्याचे सोबतीच त्याला शोधतात, आणि फार पटकन शोधावं लागतं.

शोधायचं यंत्र म्हणजे बीकन. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा डबा, छातीशी बांधायचा. तो सतत सिग्नल सोडत राहतो. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापला बीकन शोधण्याच्या मोडवर टाकतात, मग त्यावर बाण आणि अंतर दिसतं. हे सगळं हाताला सवयीचं झाल्याशिवाय विमानात बसायचं नाही, असं तिने बजावलं. पण सराव करायला बर्फ कुठे? मॉलवाले काही आपल्याला फावड्याने खणू देणार नव्हते.

तेव्हा तिने वाळू सुचवली.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही तिघं अल ऐन शहराच्या रस्त्याला लागलो. गाडी नवरा चालवत होता. त्याला स्कीइंगमध्ये काडीचा रस नाही, पण दोन बायका वाळवंटात खड्डे खणत बसणार आणि आपण घरी मॅच बघणार, हे त्याला पटेना. मुलीची ट्यूशन होती. मागच्या सीटवर माझ्या शेजारी फावडी, बर्फात खुपसून बघायच्या घडीच्या लांब काठ्या, थर्मासात चहा, आणि स्कीच्या दोन जोड्या आडव्या टाकलेल्या. ते कापडी पट्टे चिकटवायचा आणि काढायचा सरावही करून घ्यायचा होता. पेट्रोल पंपावरच्या मल्याळी मुलाने स्की बघून विचारलं, "मॅडम, कहाँ?" नवऱ्याने ओमानच्या सीमेवरच्या अल हजर डोंगररांगेच्या दिशेने हात केला, कारण खरं सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं.

त्या दिवशी अस्थिर हवामानाचा इशारा होता. तो वाचूनच आम्ही निघालो होतो. मैत्रिणीने रडारचं चित्र दाखवलं आणि म्हणाली, दुपारपर्यंत वेळ आहे, आणि वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पात्राच्या आसपास आपण फिरकायचं नाही. शहराच्या बरंच अलीकडे आम्ही आत वळलो आणि कडक सपाट जमिनीवर गाडी लावली. समोर वाळूच्या टेकड्या, दोन-तीन मजल्यांच्या उंचीच्या.

नवऱ्याकडे काम आलं ते बीकन पुरण्याचं. एका डब्यात चालू बीकन घालून तो टेकडीपलीकडे जायचा, पुरायचा, वाळू सारखी करायचा आणि परत येऊन साळसूद चेहऱ्याने उभा राहायचा. पहिल्या वेळी मी बाण दिसताच धावत सुटले. आकडा कमी होत गेला, मग अचानक वाढला. मी उलटी फिरले, पुन्हा वाढला. धाप लागली, घाम डोळ्यात गेला आणि मी त्याच जागेभोवती गोल गोल फिरत राहिले. मैत्रीण लांबून शांतपणे म्हणाली, तो आता मेला. मला रागच आला, पण चूक माझीच होती. जवळ पोचल्यावर हळू व्हायचं, यंत्र जमिनीला टेकवून सरळ रेषेत सरकवायचं, हे तिने गाडीत दोनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या वेळीही फसले. तिसऱ्या वेळी मी स्वतःशी पुटपुटत गेले, धाव, आता चाल, आता वाक. गुडघ्यांवर आले. आकडा दोनच्या खाली, एकच्या खाली. काठी उभी खुपसली, काही नाही. एक वीत सरकून पुन्हा खुपसली, आणि काठीच्या टोकाला टक्क झालं. ते माझ्या मनगटात जाणवलं. मी इतक्या जोरात खणायला लागले की वाळू नवऱ्याच्या तोंडावर उडाली. डबा हातात आला तेव्हा मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. त्यात खरं माणूस असतं तर ते वाचलं असतं, एवढंच डोक्यात होतं.

मग मला थांबवेना. पुन्हा पुरायचं, पुन्हा शोधायचं. या भानगडीत आभाळाकडे मी बघितलंच नाही. बघितलं ते मैत्रिणीने. डोंगरांच्या बाजूने काळा ढग चढत आला होता, त्याखाली पांढुरका पडदा. ती म्हणाली, "खलास. माथ्यावरून खाली, सगळे गाडीत." आम्ही सामान उचलेपर्यंत तिघांचेही मोबाईल एकदम किंचाळले, सरकारी इशारा. गाडीची दारं लागली आणि पहिली वीज पडली.

आधी पाऊस, मग गारा. सुरुवातीला वाटाण्याएवढ्या, मग बोराएवढ्या. टपावर असा मारा होता की आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. नवरा काचेकडे बघत दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता, गाडी चालू नसताना. मी मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसले होते आणि, खरं सांगायचं तर, मला भयंकर मजा येत होती.

गारा थांबल्या. विजा पूर्वेकडे सरकल्या, तरी मैत्रिणीने आम्हाला बराच वेळ बाहेर पडू दिलं नाही. शेवटी दार उघडलं तेव्हा आत आलेली हवा मॉलमधल्या त्या उतारावरची होती. आणि समोर सगळं पांढरं. टेकड्या पांढऱ्या, गाफची, म्हणजे शमीची, दोन झाडं पांढरी, जमीन पांढरी. 

मग मी मागच्या सीटवरच्या स्कीकडे बघितलं आणि मैत्रिणीनेही तिकडेच बघितलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी बघू."

मला आठवतं ते तिचं हे बघणं. आमच्यापुढे जेमतेम दोन मजल्यांची टेकडी, वर घोट्यापर्यंत गारांचा थर, आणि ही बाई डोंगरात असते तशीच वागत होती. फावडं घेऊन तिने उताराच्या पायथ्याशी उभा छेद घेतला आणि मला खाली बसून बघायला लावलं. वरच्या गारांचा गार हवेने एकमेकींना चिकटून कडक पापुद्रा झालेला. त्याखाली सुटे, गोल दाणे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. त्याखाली ओली गुळगुळीत वाळू. तिने दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि हात तिरपा केला. सगळे घरंगळून गेले. ती म्हणाली, हेच डोंगरात असतं. वर छान घट्ट बर्फ दिसतो, पण तो कशावर बसलाय ते दिसत नाही. आणि तीस अंशांच्या पुढचा उतार असेल तर त्याला फक्त तुझं वजन हवं असतं.

इतके दिवस अंदाजात 'कमकुवत थर' हे दोन शब्द मी वाचत होते. आज ते माझ्या हातावर होते.

तिने मोबाईलने उतार मोजला. समोरची बाजू तीव्र निघाली. आम्हा दोघांना तिने बाजूला, सपाटीवर उभं केलं, खाली कुणी नाही याची खात्री केली आणि मागच्या सौम्य बाजूने स्कीवर चढून माथ्यावर गेली. तिथून तिने, उतार सुटतो का ते बघायला, स्कीने कडेने आडवी, वेगात एक रेघ मारली. पापुद्र्यात एक तडा गेला. मी तो धावताना बघितला. मग तिच्या खालचा अख्खा पांढरा पत्रा एकदम सुटला, तुकडे होत, सूं असा आवाज करत खाली आला आणि पायथ्याशी ढीग होऊन थांबला. मागे ओली, काळपट वाळू उघडी पडली. ती पलीकडे सुखरूप उभी होती आणि हात हलवत होती.

नवऱ्याने आतापर्यंत ह्या सगळ्याकडे बायकोचा छंद म्हणून बघितलं होतं. तो ढिगाजवळ गेला, बुटाने ढोसून बघितलं. बूट आत जाईना. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "तो बीकन तू झोपतानाही काढू नकोस."

आता माझी पाळी. मागच्या सौम्य बाजूने. पट्टे चिकटवले. चढले. माथ्यावर पट्टे काढले, बूट अडकवले, आणि स्की खाली सोडली. गारांवर स्की करकरत घसरत होती, बर्फासारखी नाही, रव्यावरून चालल्यासारखी. पहिलं वळण जमलं. दुसऱ्याला मी डगमगले, पण उभी राहिले. खाली येईपर्यंत मी मराठीत काहीतरी ओरडत होते. नवऱ्याच्या व्हिडिओत ते नीट ऐकू येतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात एक पांढरी लँडक्रूझर येऊन थांबली. अल ऐनकडचं एक अमिराती कुटुंब गारा बघायला निघालं होतं. मुलं उतरून ओंजळी भरायला लागली. आजोबांनी आमच्या स्कीकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं, आणि आम्हाला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर देऊ केला. मी पेला परत दिला तेव्हा त्यांनी काठीने माथा दाखवला आणि म्हणाले, "यल्ला, चला, पुन्हा." मी पुन्हा गेले, त्यांच्यासमोर आडवी पडले, आणि त्यांची नात इतकी हसली की मला उठायचंही सुचेना. तासाभरात ऊन आलं आणि पांढरं सगळं वाळूत शिरून गेलं.

तीन आठवड्यांनी आम्ही जॉर्जियात होतो. तिथल्या गाईडने आम्हाला एका मोठ्या, न तुडवलेल्या खोऱ्याच्या काठावर नेलं. ऊन स्वच्छ, वारा थांबलेला, खाली नजर जाईल तिथपर्यंत कोरा बर्फ. मला तो फार हवासा वाटला. पण आदल्या दिवशी वारा होता, अंदाज तीनवर होता, आणि मी छेद घेतला तेव्हा वरच्या घट्ट थराखाली माझ्या हातमोज्यावर गोल सुटे दाणे घरंगळले. मैत्रीण आणि गाईड माझ्याकडे बघत उभे होते. मी म्हटलं, "हा उतार नको." गाईडने मान हलवली. दोघांनाही ते आधीच कळलं होतं. मी काय म्हणते, हे बघायचं होतं त्यांना.

आम्ही वळत असतानाच दुसरा एक गट त्याच उतारावरून एकेक करून खाली गेला आणि मजेत पोचला. त्यांच्या आरोळ्या वर ऐकू आल्या. काही कोसळलं नाही. मला क्षणभर वाईट वाटलं, लपवत नाही. मैत्रीण म्हणाली, त्यांचं नशीब त्यांच्यापाशी, आपला उतार तिकडे आहे.

तो झाडीतून जाणारा होता, कमी तिरपा, गुडघाभर भुसभुशीत. मी पहिली निघाले. बर्फ छातीपर्यंत उडत होता, पापण्यांवर बसत होता, आणि पायाखाली काहीच आवाज नव्हता. दोन झाडांमधून वळले, मग आणखी दोन झाडांमधून, आणि मागून मैत्रीण अरबीत गात येत होती.