उघडी केलेली यादी

आमच्या जयनगरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी नागपूरची. नोकरी मारतहळ्ळीला, नवऱ्याचीही तिकडेच. एका रविवारी ती लॅपटॉप घेऊन खाली आली. "काका, तुम्हाला कन्नड वाचता येतं ना? हे पाहा बरं, माझे तर डोळे फुटायची पाळी आली."

जे. पी. नगरच्या पलीकडे त्यांनी फ्लॅट पाहिला होता. दुसऱ्या दिवशी बिल्डरला आगाऊ रक्कम द्यायची होती. दोघांची आजवरची सगळी शिल्लक त्यात जाणार होती. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात नेणारे जुने नाले या शहरात जागोजागी बुजवले गेले आणि त्यांवर इमारती उठल्या. पावसाळ्यात तिथे तळमजल्यात गटाराचं पाणी शिरतं, आणि एखाद्या दिवशी पाडापाडीची नोटीस येते. अशा जमिनींच्या सर्व्हे नंबरांची यादी सरकारने संकेतस्थळावर ठेवलेली आहे. मुलगी शहाणी, पैसे देण्याआधी आपला नंबर त्यात आहे का ते बघायला निघाली होती.

मी स्क्रीनकडे पाहिलं. पान डावीकडे कललेलं, छपाई फिकट, कडेचा रकाना अर्धा कापलेला. ओळख पटायला वेळ लागला नाही. ते पान मीच केलं होतं.

"कोणत्या गाढवाने केलं असेल हो हे?" ती म्हणाली. "यात काही शोधताही येत नाही. बाप्पा, टाकायचंच आहे तर नीट तरी टाका ना."

मी निवृत्त झालो त्याच्या थोडं आधीची ही गोष्ट. मी निपाणीकडचा; घरात मराठी, कचेरीत कन्नड. टिपणं बरी लिहितो म्हणून साहेबांच्या मर्जीतला. वरून हुकूम आला की आमच्या जमीन-नोंदींच्या खात्याकडची माहिती लोकांना खुली करा. यादी आमच्या संगणकात एक्सेलमध्ये स्वच्छ पडलेली होती. नंबर टाकला की ओळ समोर. साहेबांनी मला आत बोलावून कॉफी मागवली. त्यांना कुणाकुणाचे फोन आले होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"अण्णा, उघडं करा म्हणालेत. वाचता यावं असं कुठे म्हणालेत?"

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. युक्तीही मीच सुचवली. छापू, छापलेल्याची झेरॉक्स काढू, झेरॉक्सची झेरॉक्स काढू, आणि मग ती स्कॅन करून चढवू.

"सरी, ठीक," साहेब म्हणाले. "स्वल्प तिरकं."

शाई संपत आलेलं यंत्र मी मुद्दाम निवडलं. कागद हाताने वाकडे सरकवले. एखादं पान चुकून सरळ आलं तर पुन्हा केलं. इतकं मन लावून मी नोकरीत दुसरं कोणतंही काम केलं नसेल. पुढे पारदर्शक कारभाराबद्दल साहेबांना शाल मिळाली. फोटोत त्यांच्या मागे मी उभा आहे, दात दाखवत. तो फोटो आता बघवत नाही.

तिचा सर्व्हे नंबर यादीत होता किंवा नव्हता, सगळं शेवटच्या आकड्यावर होतं. कन्नडमधले दोन आणि तीन तसे सख्खे भाऊ. आमच्या यंत्राने त्यांना जुळे करून ठेवलं होतं. मी पान मोठं केलं, लहान केलं, भिंग आणलं.

"दोन आहे की तीन?"

"कळत नाही."

"अंदाजाने सांगा ना. आमचा दोन आहे. तिथे तीन असला तर आम्ही सुटलो."

तीन म्हणणं सोपं होतं. ती आनंदाने वर गेली असती. जिभेवर आलेलं गिळलं आणि म्हणालो, "ते गाढव मीच आहे."

तिला आधी थट्टा वाटली. मी सगळं सांगितलं, झेरॉक्ससकट. तिचा चेहरा बदलत गेला. "मग खरा नंबर तुम्हाला माहीत असेल."

"नाही. मी फक्त पानं खराब करत होतो, वाचत नव्हतो."

"मूळ फाईल?"

"कचेरीत असेल. माझ्याकडे नाही."

तिने लॅपटॉप मिटला. "काका, हे तर चोराहून वाईट झालं. चोराला माल कुठे ठेवला ते तरी माहीत असतं."

त्यांनी पैसे दिले नाहीत. बिल्डर थांबला नाही. फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. ही मुलगी आता जिन्यात भेटली तर मान हलवते, खाली येत नाही.

मी जुन्या कचेरीत जाऊन आलो. मूळ फाईल मागितली. टेबलावरच्या माणसाने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "ते केव्हाचं ओपन आहे, अण्णा. वेबसाईटवर बघा." त्याचा राग तरी कसा यावा? हे उत्तर त्याला देता यावं म्हणूनच मी ती पानं वाकडी केली होती.

त्या फ्लॅटमध्ये आता कुणीतरी राहतं आहे. त्यांनाही तो आकडा माहीत नाही. मी माहिती अधिकारात अर्ज केला आहे: यादी एक्सेलमध्येच द्यावी, कागदावर नको. अर्जात कारण लिहावं लागत नाही, कायदाच तसा आहे. मी लिहिलं. संकेतस्थळावरची प्रत वाचता येऊ नये म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून मी स्वतः खराब केली आहे. खाली सही केली, आणि तेव्हाचा माझा हुद्दा.