डब्यात काय हाय?

बुलढाण्याहून घाट उतरलं की आमचं वीज उपकेंद्र. मी तिथला ऑपरेटर. लाइनमन खांबावर चढायच्या आधी मी लाइन बंद करायची, आणि काम संपवून त्याचा फोन येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, हा सरकारी नियम. त्याच्यावर आम्हा दोघांचा आणखी एक होता. सकाळी आम्ही एकमेकांचे डबे उघडून पाहायचो. दुपारी त्याचा फोन आला की मी विचारायचो, "डब्यात काय हाय?" त्यानं बरोबर भाजी सांगितली तरच लाइन चालू. साहेब लोक हसायचे. हसोत बापडे, आम्हाला काय त्याचं.

मग उपकेंद्र एका ठेकेदार कंपनीकडे गेलं. त्यांचा साहेब म्हणाला, "आता फोन कंट्रोल रूममधून येईल. कोड जुळला की लाइन सुरू करायची." कंट्रोल रूम कुठे, ते त्यालाही धड सांगता येईना. माझं डोकंच सणकलं.

"साहेब, या लाइनवर दवाखाना हाय, पाणीपुरवठा हाय, मोबाइलचा टॉवर हाय. उद्या तो कोड दुश्मनाच्या हाती पडला त त्याले फौज काऊन लागते? एक फोन पुरे हाय."

"काका, तुम्ही बातम्या फार पाहता," तो म्हणाला.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी लाइनमन गावाबाहेरच्या खांबावर तार बदलत होता. फोन वाजला. आवाज अनोळखी, मराठी एकदम पुस्तकी. लाइनचा नंबर बरोबर, कोडही बरोबर. "काम झालेलं आहे. लाइन सुरू करा."

माझा हात बटणाकडे गेलाही होता. पण इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "डब्यात काय हाय?"

"काय?"

"लाइनमनच्या डब्यात. भाजी कोणती?"

"चेष्टा करताय का? कोड जुळला ना? तुमची तक्रार करावी लागेल."

"करा ना मंग," म्हटलं आणि फोन आपटला. आपटला आणि घाबरलो, खोटं कशाला सांगू. लाइनमनला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा वैतागलेला आवाज आला.

"काऊन हो भाऊ? वरतीच हाय मी. एका हातानं तार धरून राह्यलो. अर्धा घंटा लागते अजून."

मी खुर्चीत बसलो.

पुढे कंपनीनं चौकशी केली. तो नंबर त्यांचा नव्हताच. कोडची यादी ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे गेली होती, आणि तिथून कोणाकोणाकडे, ते कोणालाच सांगता येईना. फोन करणारा चुकला होता की त्यानं मुद्दाम केलं, देव जाणे. ज्या दिवशी असा फोन सगळ्या उपकेंद्रांत एकदमच येईल, त्या दिवसाची मात्र मला भीती वाटते.

बाकी माझं बरं चाललंय. नोकरी आहे, झोप लागते, जेवण गोड लागतं. कोड जुळूनही लाइन सुरू केली नाही म्हणून मला मेमो तेवढा मिळाला. तो घेतल्याची सही करायला टेबलावर पेन सापडेना. लाइनमन शेजारीच उभा होता. त्यानं खिशातला काढून दिला.