मुराळ्याची काळी गाडी

राजेश्वर गावच्या सिद्धरामला लाज कशाची वाटेल आणि कशाची नाही, हे सांगणं कठीण होतं. बापानं जन्मभर मेंढरं राखली, हे तो चारचौघांत छाती काढून सांगायचा. पत्र्याच्या दुकानात फाटक्या बनियनवर बसायचा, गिऱ्हाइकाच्या टेम्पोत सिमेंटची पोती स्वतः टाकायचा. पण घरामागच्या शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीचा विषय निघाला, की हा गडी मान खाली घालून भलतंच काहीतरी बोलायला लागायचा.

गाडी साधीसुधी नव्हती. परदेशी बनावटीची, काळीभोर, लांबलचक. हैदराबादच्या एका बिल्डरनं बारा वर्षं वापरून विकायला काढलेली. नव्या लहान गाडीच्या पैशात एवढी मोठी गाडी मिळतेय म्हटल्यावर सिद्धराम हुरळला. बिल्डर एवढी स्वस्त का देतोय, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यानं विचारलं नसतं, असं त्याची बायको धनलक्ष्मी म्हणते आणि ते खरंच आहे.

गाडी आली ती श्रावणाच्या तोंडावर. या भागात पंचमीला लेकीला माहेरी आणतात आणि तिला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. खटकचिंचोळीला दिलेली धाकटी बहीण नागूबाई दरवर्षी बसनं यायची, पुढे ती आणि मागं तिची पिशवी धरून सिद्धराम. त्या वर्षी मात्र मुराळी काळ्या गाडीतून गेला. गल्लीतली पोरं गाडीच्या काचेत तोंडं बघायला लागली. नागूबाईची सासू भागम्मा चपला हातात घेऊन मागच्या सीटवर जरा वेळ बसून आली. शेजारची ईरम्मा दारात उभी राहून म्हणाली, "मुराळी असावा तर असा." हे वाक्य सिद्धरामनं नंतर किती जणांना ऐकवलं, ते विचारू नका.

परत येताना हुमनाबादच्या अलीकडे गाडीनं दोन हिसके दिले आणि ती थांबली. "इंजन गरम झालंय, थंड हूं दे," असं म्हणून त्यानं बहिणीला रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा पाजला. नागूबाईनं चहा घेतला आणि काही विचारलं नाही.

पंचमी झाली आणि गाडीनं आपले गुण दाखवायला सुरुवात केली. एका सकाळी सिद्धराम बघतो, तर गाडीचा मागचा भाग म्हशीसारखा खाली बसलेला. कलबुर्गीच्या मेस्त्रीनं खाली शिरून पाहिलं. या गाडीला पाटे नव्हते, स्प्रिंगा नव्हत्या. ती हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभी राहायची आणि त्या पिशव्या आता चिरल्या होत्या. दोन पिशव्यांच्या पैशात नवी मोटारसायकल आली असती. सिद्धरामनं पिशव्या बदलल्या. मग त्यांत हवा भरणारा पंप जळाला. पंप बदलला, तर गिअर पडताना गाडी पुन्हा हिसके मारायला लागली.

"अण्णा, गाडी जुनी झाली की गाडीचा भाव उतरतोय, पार्टचा न्हाई उतरत," मेस्त्री म्हणाला. "गिअरबॉक्स करायचा म्हणलं तर गाडी घेतल्याएवढंच लागतंय बघ."

सिद्धरामनं हात टेकले. गाडी कशीबशी घरापर्यंत आणली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. विकायची म्हटलं, तर ती गावासमोर ट्रकवर चढवून न्यावी लागली असती, आणि ते बघायची त्याची छाती नव्हती.

पुढच्या पंचमीला त्यानं बहिणीला फोन केला. "यंदा दुकानात माल उतरायलाय, नागू. पुढल्या साली येतो."

"बरं, अण्णा," ती म्हणाली.

माल कसला, तो दुकानात माशा मारत बसला होता. काळ्या गाडीतून मिरवलेल्या माणसानं त्याच गल्लीतून चालत कसं जायचं, एवढीच त्याची अडचण होती. त्यापुढच्या पंचमीला त्यानं ड्रायव्हर सुट्टीवर गेल्याचं सांगितलं. ड्रायव्हर त्याच्याकडे कधीच नव्हता आणि हे नागूबाईला पक्कं ठाऊक होतं. तरी ती "बरं, अण्णा" म्हणाली. त्या दिवशी सिद्धरामच्या दारातल्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर कुणीच बसलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, पण बसमध्ये चढण्याइतकी नाही.

यंदा तो पुन्हा फोन हातात घेऊन बसला, तेव्हा धनलक्ष्मीनं लाह्यांचं सूप खाली ठेवलं.

"तुमाला भन आणायची हाय का गाडी दावायची हाय?"

सिद्धरामनं फोन खाली ठेवला. त्यानं शर्ट चढवला आणि बसस्टँड गाठलं.

खटकचिंचोळीच्या गल्लीत तो खाली मान घालून शिरला. नेमकी ईरम्मा दारातच. "व्हय वो मुराळी, गाडी कुठं हाय?" गाडी दुरुस्तीला टाकलीय, हे त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात भागम्मा आपल्या ओसरीवरून बोलली, "अगं, लई बुटकी गाडी हाय ती, आपल्या रस्त्याला खालनं घासती. आमची नागूच दोन साल झालं भावाला सांगायलीय, महागाची गाडी हाय, खराब हुईल, तू येऊच नगं म्हणून."

सिद्धरामनं बहिणीकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या पुढे करून खाली बघत उभी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची गाडी शेडमध्ये सडत होती, आणि त्या गाडीची अब्रू बहीण इथं पंचमी न करता सांभाळत बसली होती. खरं काय ते त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण त्यानं तांब्या घेतला आणि पाणी प्यायला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर आला. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झालेली. त्यानं नागूबाईचं आधार कार्ड पाहिलं, शून्याचं तिकीट तिच्या हातात दिलं आणि सिद्धरामकडून त्याच्या एकट्याचे पैसे घेतले.

सिद्धराम त्या तिकिटाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "नागू, तुला तर बस फुकट हाय. म्या न्हाई आलो तर तू एकली कामून आली न्हाईस?"

"फुकट हाय, अण्णा," नागूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पर मुराळी आल्याबिगर माहेराला कसं यावं? दोन्ही साल पिशवी भरून ठिवली हुती. दिवस मावळला की मोकळी केली."

सिद्धरामनं तिच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. राजेश्वर येईपर्यंत त्यानं ती खाली ठेवली नाही आणि मानही वर केली नाही.