वाईट नायकाचा चेहरा

चौदा वर्षं मी एकाच माणसाची चित्रं काढली. करडा पोशाख, खांद्यावर पिवळा शेला, रुंद जबडा. तो उडायचा, पुलावरून कोसळणारी बस हातावर झेलायचा आणि मुलांच्या मासिकात दर महिन्याला शहर वाचवायचा. शेवटी शेवटी मला त्याचा कंटाळा आला होता, पण पोट त्याच्यावरच चालत होतं.

मग मासिक दुसऱ्या कंपनीने घेतलं. नवीन संपादक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने मला लोअर परळच्या ऑफिसात बोलावून सांगितलं, "ताई, मोठ्यांसाठी नवी मालिका काढतोय. नायक तोच. तोच पोशाख, तीच ताकद. फक्त जग दुसरं. समजा, लोकांनी त्याला पहिल्यांदा 'नाही' म्हटलं आणि त्याला ते सहन झालं नाही."

"मग तो काय करतो?"

"शहर ताब्यात घेतो. सगळ्यांच्या भल्यासाठी."

मी घरी येऊन कामाला लागले. लाल डोळे काढले, गालावर व्रण काढला, दात विचकलेले दाखवले. सगळं परत आलं. "हा व्हिलन वाटतो, ताई. हा तोच वाटायला हवा," एवढंच ती म्हणायची. सहा वेळा चेहरा काढला, सहाही वेळा हेच.

त्याच दिवसांत आमच्या काळाचौकीच्या चाळीत रीडेव्हलपमेंटच्या सह्या चालू होत्या. सह्या गोळा करत होता माझा दादा.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी शाळेत असताना दुसऱ्या मजल्यावर स्टोव्हचा भडका उडाला होता. जिना धुराने भरला. सगळे खाली पळाले, दादा वर गेला. टोकाच्या खोलीतल्या मालवणी काकींना पाठीवर घेऊन तो खाली आला तेव्हा त्याच्या भुवया जळल्या होत्या. त्या दिवसापासून चाळीत काहीही झालं की दादाला हाक. नळाचं भांडण असो, कुणाचा दारुडा नवरा असो, मयताची तयारी असो, दादा उभा. त्याला कुणी नाही म्हणत नसे, कारण नाही म्हणावं असं तो कधी सांगतच नसे. चाळीतली पोरं त्याच्यासारखं चालायची. मीसुद्धा शाळेत सांगायचे, तो माझा दादा.

बिल्डरच्या कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. राहिल्या त्या काकी. त्या एकट्या, सत्तरी उलटलेल्या. खोलीतच मसाला करून विकायच्या, लालबागपर्यंतची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे यायची. "विसाव्या माळ्यार मसालो घेवक कोण येतला?" असं त्या विचारायच्या. "माका खयच जावचा नाय."

एकदा त्यांना ताप होता म्हणून मी दुपारी डबा घेऊन वर गेले. गॅलरीत त्यांच्या दारासमोर दादा खुर्ची टाकून बसला होता. शेजारीण मला हळूच म्हणाली, तीन दिवस झाले, सकाळी येतो तो दिवे लागेपर्यंत बसतो. गिऱ्हाईक आलं की उंबऱ्यावरूनच परत जातं.

दादा आत बघत अगदी मऊ आवाजात बोलत होता. "काकी, एकशे बारा घरं तुमच्यासाठी थांबलीत. मी तुमचं वाईट करेन का? तुम्हाला पाठीवरून खाली आणलं होतं मी. आठवतं ना?"

आतून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"आठवतं ना, काकी?"

"आठवता रे."

त्याने कागद पुढे केला. काकींनी पलंगावर बसल्या बसल्या सही केली. दादाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. उठताना त्याचा चेहरा मी बघितला. शांत, प्रेमळ, जरा दमलेला. चाळ वाचवून खाली उतरलेल्या माणसाचा असावा तसा. मी डबा शेजारणीच्या हातात दिला आणि जिना उतरले.

त्या संध्याकाळी नायकाचा चेहरा एका दमात कागदावर उतरला. डोळ्यांत राग नाही, व्रण नाही, काही नाही. संपादकबाईंचा लगेच फोन आला. "ताई, हाच! बघून अंगावर काटा आला." मला आनंद झाला नाही. पाठ दुखत होती, मी आडवी झाले.

अंक निघाल्यावर दादा एका रविवारी तो हातात घेऊन आला. "लेकीने दाखवला. म्हणते, बाबा, हा तुमच्यासारखा दिसतो." खुर्चीत बसून त्याने सगळी पानं सावकाश उलटली. "हा मीच ना?"

"हो."

"मी काकींना हात तरी लावला का?"

"नाही."

"आवाज चढवला?"

"नाही."

"मग?"

"मी होते तिथे, दादा. डबा घेऊन आले होते."

त्याने अंक मिटला. "तेव्हा का नाही बोललीस?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं. तो चहा न घेताच गेला.

चाळ रिकामी झाली. नवी इमारत होईपर्यंत काकींना मानखुर्दला ट्रान्झिट कॅम्पमध्ये खोली मिळाली. मी जमेल तशी जाते. तिथे मिरच्या वाळवायला जागा नाही, म्हणून मसाला बंद. गेले की त्या आधी दादाची चौकशी करतात, जेवतो ना वेळेवर, म्हणून. त्यांना त्याचा राग आहे की नाही हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. माझ्यावरही राग असेल कदाचित. तेही विचारलेलं नाही.

मालिकेचे आणखी पाच अंक काढले. लोकांना आवडले म्हणे. सहाव्यानंतर मी सांगून टाकलं, आता दुसरा चित्रकार बघा. संपादकबाईंनी कारण विचारलं. वय झालं, असं म्हणाले.

यंदा भाऊबीजेला दादा माझ्या परळच्या भाड्याच्या खोलीवर आला. मी ओवाळलं. त्याने आणखी एक करंजी मागितली, मी दिली. मग आम्ही नव्या घरांचा ताबा कधी मिळेल यावर बोलत बसलो. तो म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की. गेल्या वर्षीही तो तेच म्हणाला होता.