फणसाचा पाळणा आणि चौकोनी गळा

तुमच्या काकूच्या कारखान्यात माझी स्वतःची खुर्ची आहे. तिच्यावर उशी, शेजारी चष्म्याचा डबा आणि समोर संगणक. खालापूरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसून तुमची आजी लाकूड कापायच्या यंत्रासाठी चित्रं तयार करते, हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही दोघंही हसलात. म्हणून आता नीट लिहूनच पाठवते.

यंत्र म्हणजे डबलबेडएवढं टेबल. त्यावर लाकडाची फळी घट्ट बसवायची. वर सरकत्या दांड्यावर मोटर असते, तिच्या टोकाला पेन्सिलीएवढं जाड, गरगर फिरणारं पातं. त्याला सगळे बिट म्हणतात. संगणकावर जशी रेघ असेल तसं ते बिट फळीत उतरून चालतं. रेघ चुकली तर फळीही चुकली. यंत्र स्वतःचं डोकं चालवत नाही.

मी यात शिरले ती इंग्रजीमुळे. सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीत. काकूचा हात विलक्षण, पण शाळा मराठी. संध्याकाळी घरी आली की स्वयंपाक करता करता विचारायची, "आई, ऑफसेट म्हणजे काय हो?" रसायनीच्या कंपनीत मी नोकरीभर इंग्रजी पत्रं टाईप केली होती. रेघेपासून ठरावीक अंतरावर काढलेली दुसरी रेघ म्हणजे ऑफसेट, असे अर्थ लावत मी तिला माहितीपुस्तक वाचून दाखवू लागले. मग शेडमध्ये जाऊन शेजारी बसू लागले. एक दिवस माउस माझ्या हातात आला, तो परत गेला नाही.

आता गिऱ्हाइकांची चित्रं आधी माझ्याकडे येतात. कुठे रेघ अर्धवट सुटलेली असते, कुठे एकावर एक दोनदा काढलेली. रेघेची दोन टोकं जुळली नाहीत तर आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे यंत्राला कळत नाही. एकावर एक दोन रेघा असल्या तर ते तीच जागा पुन्हा कापत बसतं आणि लाकूड करपतं. मी घरातली दारंखिडक्या बंद करत फिरावं तशी प्रत्येक आकृतीभोवती फिरून येते. तुमच्या आजोबांना माझ्या टापटिपीचा कंटाळा यायचा. यंत्राला येत नाही.

पण सुरुवातीला आम्ही केल्या त्या खिडक्यांच्या जाळ्या आणि बंगल्यांच्या पाट्या. सपाट कामं. फळीत फळी अडकवायचं काम आलं ते नानीमुळे.

तुम्ही जिला फणसवाली नानी म्हणता, ती आपली पळसदरीची शेजारीण. तिच्या अंगणातल्या फणसाचे गरे तुम्ही पोट दुखेपर्यंत खाल्लेत. तो फणस वादळात पडला. नानीने वखारीतून त्याच्या फळ्या कापून आणल्या आणि पडवीत उभ्या करून चांगल्या वाळवल्या. कोणी विकत मागितल्या तरी दिल्या नाहीत. तिची नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा नानी त्या फळ्या टेंपोत घालून थेट शेडमध्ये हजर झाली.

"पाळना करायचा हाय," ती म्हणाली. "पन त्यात खिळा नको, स्क्रू नको. जुन्या पाळन्याच्या खिळ्यानं माज्या लेकीची करंगळी फाडली होती. आनि काम झालं का सुटा करून माळ्यावर ठेवता आला पायजे. पुढच्या पोराला परत काढू."

सुताराने खिळ्याशिवाय जमणार नाही म्हणून तिला परत पाठवलं होतं. काकूने फळ्या मोजल्या. एक पाळणा होईल एवढंच लाकूड होतं. एक तुकडा बिघडला तर बदली देण्यासारखी दुसरी फळी नव्हती, आणि झाड तर गेलेलंच.

"तुमचं यंत्र काय म्हनतंय?" नानीने विचारलं.

"यंत्र काही म्हणत नाही," काकू म्हणाली. "आईंना विचारा."

मी हो म्हटलं.

चित्र काढायला मला आठवडा लागला. दोन्ही टोकांच्या फळ्यांना आरपार चौकोनी खाचा. बाजूच्या फळ्यांना पुढे आलेल्या जिभा. जीभ खाचेतून पलीकडे निघते आणि तिच्यात लाकडाची पाचर ठोकली की सगळं घट्ट. दोरी ओवायला वर भोकं. पडद्यावर तो पाळणा इतका सुरेख दिसत होता की मी काकूला हातातलं काम सोडून बघायला बोलावलं.

फणसाला हात लावण्याआधी आम्ही प्लायच्या टाकाऊ तुकड्यांवर एक खाच आणि एक जीभ कापून पाहिली. नानीही स्टूल घेऊन बसली होती. जीभ खाचेत जाईना. माप बरोबर होतं, मी तीनदा तपासलं. मग काकूने खाचेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बिट गोल, त्यामुळे खाचेचे कोपरे आतून गोल राहिले होते. जिभेचे कोपरे मात्र टोकदार. चौकोनी डबा गोल कोपऱ्यांच्या खोक्यात कसा बसणार?

"कानशीने घासते," काकू म्हणाली.

"एवढ्या सगळ्या खाचा? आणि फणसाला चीर गेली तर?"

"मग खाच जरा मोठी करू या."

यावर नानी स्टुलावरून म्हणाली, "गं बाय, पाळना हालायला पायजे, पन दोरीवर. खाचंत हालला तर माज्या पनतूला झोप लागंल काय?"

आम्ही हसलो, पण काकूचा चेहरा उतरला होता. नानी उठून आपल्या फळ्यांवरून हात फिरवायला लागली. म्हणाली, "नाय जमलं तर नाय. पडवीत उभ्या राहतील परत." तिचा तो आवाज मला सहन झाला नाही. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझी नजर तिच्या कुर्त्याच्या गळ्यावर गेली. चौकोनी गळा. मीच शिवलेला.

चौकोनी गळा शिवताना काय करतात, हे तुम्हाला ठाऊक नसणार. पट्टी शिवून उलटवली की कोपऱ्यात कापड गोळा होतं आणि गळा बसत नाही. म्हणून उलटवण्याआधी नेमक्या कोपऱ्यात, शिलाईच्या अगदी जवळपर्यंत, कात्रीचा एक छोटा काप द्यायचा. कोपऱ्याला मोकळी जागा मिळते आणि गळा सपाट बसतो. माझ्या आईने मला हे फ्रॉकवर शिकवलं होतं.

मी खुर्चीवर जाऊन बसले. खाचेच्या चारही कोपऱ्यांवर एकेक बारीक वर्तुळ काढलं, बिटापेक्षा केसभर मोठं, कोपरा पोटात घेईल असं. मग वर्तुळं खाचेच्या रेघेला जोडली, टोकं जुळली का पाहिलं आणि काकूला म्हटलं, "काप."

जीभ खाचेत गेली. शेवटच्या दोऱ्याएवढ्या अंतराला काकूने तळहाताने थाप मारली, टक्क झालं आणि ती बसली. नानीने तुकडा हातात घेऊन हलवून पाहिला. हलेना. मग दोन्ही हातांनी जोर लावला.

"आता माजा फनस घ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फणस कापला. पिवळाधमक भुसा सगळ्यांच्या केसांत बसला. एकही तुकडा वाया गेला नाही. नानीच्या घरी आम्ही पाळणा जोडला, पाचरी ठोकल्या, दोऱ्या आढ्याला बांधल्या. बाळ अजून पोटातच होतं, म्हणून नानीने आधी तांदळाचं पोतं निजवलं आणि झोका दिला. कान लावून ऐकलं. कुठे करकर नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी शिवलाय हा."

नंतर माहितीपुस्तक चाळताना मला दिसलं की कोपऱ्यांत अशी वर्तुळं टाकायचं बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच आहे. काकू पोट धरून हसली. मीही हसले, पण माझा अभिमान तसूभरही कमी झाला नाही. बटण कोणीही दाबेल.

त्या पाळण्यात आता नानीची पणती झोपते. कोपऱ्यांतली ती अर्धी वर्तुळं कोणाला नक्षी वाटतात, तेव्हा नानी त्यांना कुर्त्याचा गळा दाखवून सगळी गोष्ट सांगते.

चित्र मी संगणकात जपून ठेवलं आहे. तुमच्यापैकी कोणाला पाळणा लागेल तेव्हा मागा. ते एका क्षणात तुमच्यापर्यंत पोचेल आणि तिथल्या कुठल्याही यंत्रावर कापता येईल. रेघा सगळ्या बंद आहेत. फळीची जाडी मात्र दुकानदाराने सांगितलेली धरू नका, स्वतः मोजा आणि मला कळवा. त्याप्रमाणे खाचा मी बदलून देईन.